पहिल्या जहाजातली पणजी

पूज्य माता रोहेझ यांस (पत्र मठातल्या कुणाच्या हाती लागले तर बरे दिसावे म्हणून; एरवी ताई), धाकट्या आल्ब्रेडाचा गुडघे टेकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? पहाटेच्या प्रार्थनांनी ते कामातून गेले, असे कळले. इकडे सफरचंदे चांगली आली आहेत, बाकी काही चांगले नाही.

नवऱ्याला पुरून वर्ष झाले नाही तोच ड्यूकसाहेबांचा हुकूम आला, की संत मायकेलच्या सणाआधी मी सरदार तुर्स्टिनशी लग्न करावे. एकट्या बाईची त्यांना काळजी वाटते. (माझा गड नदीच्या वळणावर नसता तर इतकी वाटली नसती.) नकार दिला तर गड जातो. होकार दिला तर गड जातो आणि वर तुर्स्टिन येतो.

तो मंगळवारी मला बघायला आला. सहा ससाणे, अकरा कुत्री. कुत्री सभ्य होती. जेवताना त्याने माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा मी सुरी उचलली (वाम मासा कापायचा होता). तेवढ्यात आमच्या म्हाताऱ्या पाद्री आन्स्केतिलनी विचारले, "रूआँ शहरात कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांत एक तुर्स्टिन होता, हात कोपरापर्यंत निळे. तुमचे आजोबा का हो?" पाद्री निरागस आहेत. मी फक्त आदल्या दिवशी त्यांना आठवण करून दिली होती.

तुर्स्टिन लाल झाला. समोर भिंतीवर मी भरतकाम केलेला पडदा होता, आपल्या लोकांना उत्तरेकडून या किनाऱ्यावर आणणाऱ्या पहिल्या जहाजातून उतरणाऱ्या गुनहिल्डचा. त्याने बोट दाखवले. "रंगारी? अहो, ही बाई माझी सख्खी पणजी!" कुणाचा पडदा, कुणाची पणजी, चौकशी नाही. मी म्हटले, "अगबाई, ती तर माझीही पणजी! म्हणजे आपण भावंडंच की. दादा, वाम घ्या ना अजून." पाद्रींनी बोटांवर पिढ्या मोजल्या. सात पिढ्यांच्या आतले लग्न धर्माला चालत नाही, आणि आम्ही तिसरीतच अडकलो. बावीस माणसांसमोर त्याला पणजी परत घेता येईना. कुत्र्यांची जेवणे व्हायच्या आत तो निघाला.

उसने पूर्वज मिरवणाऱ्यांची मला कीव येते. आपल्या घरात असले काही नव्हते. आजोबा जेवतानासुद्धा हातमोजे घालत, ससाणे पाळणाऱ्या माणसाची ती खूण. पुरतानाही आईने ते काढू दिले नाहीत.

तू हसावेस म्हणून एवढे लिहिले. मागणे काही नाही.

तुझी आल्ब्रेडा

ता. क. बिशपसाहेब रविवारी या नात्याचा पुरावा मागणार आहेत. तुमच्या मठात मृतांच्या नावांची वही आहे. तिच्यात गुनहिल्डचे नाव घाल, आणि खाली तिच्या दोन मुलांची: एक आपले आजोबा, एक तुर्स्टिनचे. शाईत थोडे पाणी टाक, जुनी दिसेल.

ता. क. दुसरा. पत्र मिटताना तुर्स्टिनचा माणूस आला. तुर्स्टिन बिशपसाहेबांपुढे शपथ घेणार आहे की गुनहिल्ड त्याची कुणी नव्हे, आजोबा रंगारीच होते. रूआँहून साक्षीदारही आणतो आहे. माझ्या गडासाठी त्याने सगळे पूर्वज एका दिवसात सोडले. तेव्हा गुनहिल्डचे नाव घालायचे राहू दे. त्या रंगाऱ्याचेच नाव घाल, आपल्या आजोबांचा सख्खा भाऊ म्हणून; म्हणजे आम्ही तशीही भावंडंच ठरतो. घराण्याचे काय व्हायचे ते होवो, गड तरी राहील. आणि पापाला भिऊ नकोस. आईची पाठ वळल्यावर आपण दोघींनी आजोबांचा डावा हातमोजा ओढून पाहिला होता. निळे कुठपर्यंत होते ते तुलाच ठाऊक. मी मनगटाशीच डोळे मिटले.