आदर्श गल्लीचा बोर्ड

७ जानेवारी
यंदाचा संकल्प: गल्ली जंतमुक्त! मी इथला डॉक्टर, एकशेवीस घरं माझ्याकडे. सरकारची खतमोहीम सुरू, दर घराने मैला द्यायचा. संडासातला गोठलेला मैला कुदळीने फोडला, ढकलगाडीने सरकारी शेतावर पोचवला. मी सगळ्यांत पुढे. जिल्ह्याला रिपोर्टही पाठवला: जंतांचे रोगी, शून्य. मायक्रोस्कोपचा बल्ब गेलाय, पण अनुभवी नजर असते की.

१२ जानेवारी
लेक उनब्योल (वय आठ) पोट दुखतं म्हणते. बायको सोनोक म्हणते, अहो, जंत झालेत तिला. म्हटलं, डॉक्टरच्या घरात? काहीतरीच तुझं! किमचीच्या, म्हणजे आपल्या लोणच्याच्या, कोबीला आपण फक्त घरचाच मैला घातला, परक्याचा नाही. घरच्या खतात कसले जंत? कुजवला नव्हता, हे खरं. कुजलेला सगळा सरकारी शेताला द्यावा लागतो.

१९ जानेवारी
शून्याबद्दल जिल्ह्याकडून लाकडी बोर्ड मिळाला, 'आदर्श गल्ली'. दारावर ठोकला. शेजारच्या ह्यांगसिम आजींनी विचारलं, डॉक्टरसाहेब, आमच्या घरी पडतात ते जंत कुठल्या गल्लीचे धरायचे? म्हातारीची जीभ फार चालते.

२६ जानेवारी
उनब्योलच्या तोंडातून जंत पडला. एकच. एकासाठी कोण रिपोर्ट बदलतं? भोपळ्याच्या बिया भाजून दिल्या. पोट जरा फुगलंय.

२ फेब्रुवारी
जिल्ह्याला जंतांच्या गोळ्या आल्या! धावत गेलो. कारकून म्हणाला, रोगी आहेत त्या गल्ल्यांनाच देतोय, तुमच्याकडे शून्य. माझीच सही दाखवली. म्हटलं, थोडी चूक झाली असेल. तो म्हणाला, मग तसं लिहून द्या, बोर्ड परत आणा, गोळ्या घेऊन जा. चारचौघांत लाज वाटली. उद्या जातो. एका दिवसाने काय बिघडतंय.

३ फेब्रुवारी
सोनोकनेच बोर्ड उपटला, माझ्या हातात दिला. कागद लिहिला, गेलो. गोळ्यांची पेटी रिकामी. कारकून म्हणाला, काल यायचं होतं हो. बोर्ड परत घेतला नाही, म्हणाला, राहू द्या आता. घरी आलो तर उनब्योलचं पोट दगडासारखं. उलट्या. ऑपरेशनला शहरात न्यायला हवं, गाडी नाही. परवापर्यंत मिळवतोच.

५ फेब्रुवारी
काल दुपारी उनब्योल गेली. माझ्यामुळे गेली.

आजी आल्या. म्हणाल्या, शवपेटीला एक फळी कमी पडतेय. बोर्ड दिला. सुताराने विचारलं, अक्षरं आत ठेवू की बाहेर? बाहेर ठेव म्हटलं, तिच्या तोंडाशी नकोत. सगळी गल्ली वाचत मागून चालली.