धाकटीचा आवाज शून्यावर आणताना

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.
काल रेकॉर्डिंग झालं. देवाच्या कृपेने आणि माझ्या देखरेखीखाली. आमच्या प्रार्थनामंडळाच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन तेवीस तारखेला. त्या दिवशी आमची चार कडव्यांची प्रार्थना लाउडस्पीकरवर वाजणार. गायली आमच्या धाकट्या जाऊबाईने. मागे कोरसला तिघी: अध्यक्षबाई, चिटणीसबाई आणि मी. वाद्यं आधीच तयार होती, ती सगळ्यांच्या कानात हेडफोनमधून. खोलीत नुसते आवाज. एक माइक धाकटीपुढे, एक आम्हा तिघींपुढे.

धाकटीच्या गळ्यात गाठ आहे. चौदाला ऑपरेशन. आवाज तसाच राहील का, हे डॉक्टर आधी सांगू शकत नाहीत. काल तेवढं गाऊ दिलं, आजपासून ऑपरेशनपर्यंत एक शब्दही काढायचा नाही. बिचारी वही-पेन्सिल घेऊन फिरते आहे. म्हणजे काल उतरलं ते उतरलं. पुन्हा घेता येणार नाही.

रेकॉर्डिस्टने सगळं थेट आमच्याच लॅपटॉपवर उतरवून दिलं, स्वतःकडे काही ठेवलं नाही. मिक्सिंगचे वेगळे पडतील म्हणाला. शिजवल्याचे वेगळे आणि ढवळल्याचे वेगळे! मी म्हटलं, ढवळायचं मी बघते. त्याने चार बटणं दाखवली आणि चपला घालता घालता म्हणाला, काकू, हात लावायच्या आधी एक कॉपी मात्र करून ठेवा.

संकल्प: रोज दुपारी दोन तास. शुक्रवारपर्यंत पूर्ण.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३.
कॉपी केली नाही. एका पातेल्यात होतंय तिथे दोन खरकटी कशाला?

देवाला नमस्कार करून फाइल उघडली. तीन पट्ट्या आहेत. वाद्यं, धाकटी, कोरस. प्रत्येकीपुढे आकडा येतो. बघून धस्स झालं. वाद्यं उणे नऊ. कोरस उणे दहा. धाकटी उणे बारा! सगळा कारभार उण्यात. माणूस कितीही छान गायला, उणे बारावर बसवलं तर ऐकू येणार कसं? तरीच तिचे शब्द वाद्यांखाली दबतात. नवशिक्यांना हे दिसत नाही. मला दिसलं, कारण आयुष्यभर महिनाअखेर मी उण्यात जाऊ दिलेली नाही.

उपाय सोपा आहे. सगळं शून्यावर आणायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
धाकटी शून्यावर आणली. सेव्ह केली. समाधान वाटलं.

मीटरवर लाल दिवा लागतो. गीझरचा लाल दिवा लागला की पाणी तापलं समजायचं, तसंच असणार.

पण आता वाद्यं ऐकू येईनात. त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून त्यांनाही शून्यावर आणलं. मग धाकटी पुन्हा खाली गेली. मग तिला शून्याच्या वर तीन दिले. सेव्ह. दोघांचेही लाल दिवे पेटले. खोलीत अगदी भरल्यासारखं वाटत होतं.

हे पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले. जाताना म्हणाले, ती डब्यात बसून गाते आहे का? यांना संगीतातलं काही कळत नाही.

कोरसला हात लावला नाही. तो मुळातच बसलेला आहे. विशेषतः माझा आवाज.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११.
शब्द अजून स्पष्ट नाहीत. दोष रेकॉर्डिस्टच्या माइकचा.

त्यालाच फोन केला. म्हणाला, काकू, आवाज वर चढवू नका, बाकीच्यांना खाली घ्या. वाद्यांमध्ये जिथे जिथे आवाजाची जागा आहे तिथलं थोडं काढून टाका. चार माणसं सरकली की पाचव्याला बसायला मिळतं. मी म्हटलं, चांगलं वाजवलेलं काढून टाकायचं? फोडणीतला कढीपत्तासुद्धा मी टाकत नाही, वाळवून चटणीत घालते. तो म्हणाला, मग तुमची मर्जी. आणि कॉपी आहे ना? मी हो म्हटलं. फाइल आहेच की.

दुपारी ४.
काढायचंच तर निरुपयोगी काढावं. धाकटी प्रत्येक ओळीआधी श्वास घेते. सगळी कडवी मिळून एकतीस श्वास. कोंडा नुसता! एकेक पाखडून काढला. काही ठिकाणी शब्दाचं शेपूट गेलं, पण अर्थ लागतो. सेव्ह.

मग तिच्या आवाजाला थोडा घुमारा घातला. देवाचं गाणं आहे, देवळात असतो तसा घुमायला हवा. पन्नास टक्के घालून पाहिला, भक्ती कमी वाटली. ऐंशी केला. सेव्ह.

मला स्वतःसाठी काही नको. फक्त ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीत माझा वरचा सूर लागला आहे, तो झाकला जाऊ नये एवढंच. लोक विचारतील म्हणून.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३.
धाकटीला बोलावून ऐकवलं. हेडफोन तिच्या कानाला मी स्वतः लावले. पहिलं कडवं होईपर्यंत ती हलली नाही. दुसऱ्याला हेडफोन काढून मांडीवर ठेवले. आनंदाने बोलायचं सुचेना तिला. तसं बोलायला बंदीच आहे म्हणा.

वहीत लिहिलं, ही मी आहे?

मी म्हटलं, तूच, फक्त भरीव केलेली.

तिने लिहिलं, ताई, आधीचं ऐकवा.

मी म्हटलं, हेच आधीचं, त्यालाच छान केलंय. तिने पेन्सिल पुन्हा टेकवली आणि फक्त आधीचं या शब्दाखाली रेघ मारली. दोनदा. कागद फाटला.

मी म्हटलं, दूध आलंय वाटतं, बघते. दूध सकाळीच आलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
मागे जायचं बटण असतं. ते दाबलं. शुक्रवारी लॅपटॉप बंद केल्यामुळे मागे काही शिल्लक नाही असं म्हणतो. हा लॅपटॉपचा स्वभाव मला आधी कोणी सांगितला नव्हता.

उणे बारा करून पाहिलं. आवाज लहान झाला, पण खरखर तशीच. लहान खरखर.

कचऱ्याची पेटीही उघडून पाहिली. त्यात माझ्या पाककृतींच्या यादीशिवाय काही नाही.

देवापुढे बसले. देवाला म्हटलं, तू सगळं ऐकतोस, तुझ्याकडे एखादी प्रत असेलच.

संकल्प: यापुढे प्रत्येक गोष्टीची कॉपी. उशिरा का होईना. आजच या रोजनिशीची कॉपी काढायला घेतली होती, दोन पानं झाली आणि हात दुखला.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १२.
रेकॉर्डिस्ट आला. धाकटीची पट्टी एकटी लावली. पूर्ण ऐकली. मग चष्मा काढून पुसला. म्हणाला, काकू, शून्य म्हणजे छप्पर. त्याच्या वर जे गेलं त्याची डोकी उडाली. उडालेली डोकी कुठे साठवलेली नसतात.

मी म्हटलं, मग उण्यातच ठेवायचं असतं का सगळं? तो म्हणाला, सगळी दुनिया उण्यातच गाते.

हे असं शाळेत शिकवायला हवं.

त्याने विचारलं, त्या पुन्हा गातील का एकदा, पाच मिनिटं? हे मध्येच पडले, म्हणाले, गळ्याशी खेळायचं नाही, डॉक्टरांनी ठणकावून सांगितलंय. एवढ्या वर्षांत हे माझ्या देखत असं कोणाला बोललेले मी पाहिले नाहीत. आणि बघत माझ्याकडे होते.

संध्याकाळी वर धाकटीकडे गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. ती हॉस्पिटलची पिशवी भरत होती. दोन गाऊन, टॉवेल, वही, टोक केलेल्या तीन पेन्सिली. मला बघून लिहिलं, मिळालं का आधीचं?

मी म्हटलं, जवळजवळ.

तिने माझा हात दाबला. तिचा हात गार होता. माझाही असावा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.
देव आहे! काल तिन्ही पट्ट्या स्टुडिओत घेऊन गेलेल्या रेकॉर्डिस्टचा फोन आला. कोरसच्या माइकवर धाकटी सापडली! आम्ही तिघी तिच्यापासून चार हातांवर उभ्या होतो, तिचा आवाज आमच्या माइकमध्येही उतरला आहे. लांबून येतो, पण स्वच्छ. लाल नाही, खरखर नाही, श्वाससुद्धा जागेवर. ती पट्टी मी बिघडवली नाही म्हणून वाचली. म्हणजे एका अर्थी मी ती राखून ठेवली होती, असं म्हणता येईल.

यांना म्हणूनही दाखवलं. हे पेपर घेऊन गॅलरीत गेले.

दुपारी ३.
स्टुडिओत गेले. रेकॉर्डिस्ट म्हणाला, आनंद अर्धाच आहे. धाकट्या काकू गात असताना कडव्याकडव्याला खालून कोणीतरी गुणगुणतंय. आवाजाच्या अगदी अंगावर. वेगळं काढता येत नाही.

मी म्हटलं, अध्यक्षबाईच. त्यांना गप्प बसवत नाही. प्रार्थनेतसुद्धा डोळे किलकिले करून कोण आलं ते बघतात.

त्याने ते गुणगुणणं मोठं करून लावलं. मी ऐकलं.

पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा लावलं.

सूर बरा होता.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. चौथं तर पूर्णच गेलं, तिथे मी शब्दांसकट आहे. तिसऱ्यात मात्र धाकटी एकटी. एक मिनिट दहा सेकंद. रेकॉर्डिस्टने विचारलं, इथे तुम्ही कुठे होता? आठवलं. घसा कोरडा पडला म्हणून तिसऱ्याला कोपऱ्यातल्या माठाकडे गेले होते.

तो हसला नाही. मला ते जास्त लागलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९. हॉस्पिटल.
दहाला आत नेतील. धाकटीला तिसरं कडवं ऐकवलं. पलंगावर बसून, डोळे मिटून ऐकलं. वाद्यं नाहीत, काही नाही, नुसती ती. शेवटच्या ओळीला ती जो श्वास घेते तो मी सात तारखेला पाखडून टाकला होता. त्या श्वासानेच पुढचा सूर वर जातो. मला माहीत नव्हतं.

तिने लिहिलं, बाकीची तीन?

लॅपटॉप बिघडला असं सांगायचं मी घरून ठरवून आणलं होतं. बसमध्ये दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. बोलायला तोंड उघडलं आणि सगळं खरंच बाहेर पडलं. पातेलं, शून्य, लाल दिवा, गुणगुणणं. नर्स थर्मामीटर घेऊन आली होती, तीही ऐकत उभी राहिली.

धाकटीने वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, तुम्ही गुणगुणत होता ते मला तेव्हाच ऐकू येत होतं.

मी म्हटलं, मग थांबवायचं नाही का गं?

तिने लिहिलं, तुम्हाला आवडत होतं.

मग स्ट्रेचर आलं.

दुपारी २.
गाठ निघाली. साधी आहे. देवाची कृपा. आवाजाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, थांबा.

मी जपाला बसले होते. मनातल्या मनात. ओठ हलवले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.
उद्घाटन झालं. तीनशे लोक. फक्त तिसरं कडवं लावलं. कोरस नाही, वाद्यं नाहीत. रेकॉर्डिस्ट म्हणाला, आवाज बसवायला आता कोणाला सरकवायची गरजच नाही.

संपल्यावर लोक उठायचं विसरले. चिटणीसबाईंचे डोळे ओले झाले. अध्यक्षबाई माझ्या कानाशी लागल्या, एवढी तालीम केली, आपण तिघी कुठे गेलो गं? मी म्हटलं, सुरांच्या मागे. त्यांना ते फार खोल वाटलं.

एका बाईंनी विचारलं, मिक्सिंग कोणी केलं हो, किती स्वच्छ आहे! मी खाली बघून हसले. हे शेजारीच होते. म्हणाले, हिने पाणी प्यायलं.

त्या बाईंना कळलं नाही. बरं झालं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३.
आज धाकटीला बोलायची परवानगी मिळाली. पहिला शब्द ताई. आवाज जाडा, घोगरा, अर्ध्यात फाटणारा. दुसऱ्याच कोणा बाईचा. वरचा सूर लावून पाहिला तर नुसती हवा आली. डॉक्टर म्हणतात, सहा महिने बघू, परत येईलही, नाहीही. ती हसून म्हणाली, आता मी कोरसला आणि तुम्ही पुढे. मला हसता आलं नाही.

मग म्हणाली, लावा ना ते. लावलं. रेकॉर्डिस्टने तिसऱ्या कडव्याच्या तीन प्रती काढून दिल्या आहेत. एक वर तिच्याकडे, एक स्टुडिओत, एक देवाजवळ. दोघी ऐकत बसलो. मी पदराचं टोक दातांत धरलं होतं.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी टक्क असा एक बारीक आवाज आहे. मी पाणी पिऊन माठावर पेला ठेवला तो. रेकॉर्डिस्ट तेरालाच म्हणाला होता, काकू, एवढा खुट्ट आवाज काढून टाकू का, एका क्षणाचं काम आहे. मी नको म्हटलं होतं.

तालात पडलाय तो.