शिवबाई कोणाकडे राहील याबाबत

शिवबाईचा ताबा मला काय पडला ते आधी मांडतो, मालमत्तेचं नंतर. पंचांचा दंड पंचवीस रुपये. जातीला जेवण अठरा. म्हाळसाबाईला सोडताना लुगडं-चोळी सात. सोडचिठ्ठीचा कागद व लिहिणावळ दीड. एकूण साडेएक्कावन्न रुपये, आणि घरात 'जेवलात का' असं विचारणारं माणूस. हे शेवटचं तेव्हा हिशेबात धरलं नव्हतं.

मी ज्ञानबा येसू बंडगर, वय सत्तावन्नच्या आसपास, धंदा घोंगड्यांचा, राहणार नवी पेठ, सोलापूर. छातीच्या दुखण्याने अंथरुणाला आहे, पण डोकं जागेवर आहे आणि हे लिहिण्यास कोणाचा दाब नाही. कानही शाबूत आहेत. बापाच्या मेंढरांमागून उठून या पेठेत दुकान केलं ते कानांच्या जोरावर. रुपया दगडावर वाजला की खरा-खोटा सांगतो. भिंतीपलीकडे माग चालला असला तरी ठोक्यावरून वीण सैल की घट्ट ते ओळखतो. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहीत आहे. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

कलम १. दुकान, वरचं घर आणि आतला माल माझी एकुलती मुलगी शिवबाई, वय अकरा, हिचा.

कलम २. गावाकडची मेंढरं धाकटा भाऊ सिद्धाप्पा याची. आजवर त्याने परस्पर विकलेल्या कोकरांबद्दल त्याला कोणी विचारू नये. मी विचारलं नाही, पण मला ठाऊक होतं.

कलम ३. रुपये वाजवून बघण्याचा काळा दगड शेजारचा कापडवाला बसलिंगप्पा यास. वीस वर्षं त्याने माझ्याकडून रुपये पारखून घेतले आणि एकदाही चहा पाजला नाही.

कलम ४. हे मुख्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सहा वर्षांमागे आमच्या गावी बिरोबाच्या देवळापुढे चिंचेखाली पंच बसले. म्हाळसाबाईला पंचांनी विचारलं, काय दुखणं आहे तुझं? ती म्हणाली, "पेठंच्या त्या टोकाला कुणी रुपया वाजवला तर ह्यास्नी ऐकू येतंय. मी पाठीशी उभी राहून बोलले तर न्हाय." मंडळी हसली. मीही हसलो. मग काडी मोडली.

रिवाजाने पोर बापाची, पण म्हाळसाबाई हटून बसली. तेव्हा पंचांनी पाच वर्षांच्या शिवबाईला मधोमध उभी केली. दोघांनी हाका माराव्या, ज्याच्याकडे जाईल त्याची. शिवबाई धावत माझ्या बाजूला आली. म्हाळसाबाई पदर सावरून चालू लागली. पुढे तिने माढ्याच्या बाळासोशी पाट लावला. मी मात्र पेठेत भेटेल त्याला सांगत आलो, भरल्या पंचांत पोरीने बापाला निवडलं.

मागल्या आठवड्यात सिद्धाप्पा आला. म्हणाला, "दादा, पोर माज्या हवाली करा. पाटाच्या घरात तिला कोण इचारणार? माज्या मेव्हण्याचं पोरगं हाय, दुकानबी घरातच राहील की." दुकानाचं तो लई सावकाश बोलला.

मी शिवबाईला जवळ घेऊन विचारलं, काकाकडे राहशील की आईकडे? ती लगेच म्हणाली, "आईकडं." मी विचारलं, मग त्या दिवशी पंचांपुढे माझ्याकडे का आलीस?

"तुमच्याकडं न्हाय आले, आबा. तुमच्या मागं काकानं गुंड्या बांधला व्हता की. त्याचं घुंगरू वाजत व्हतं."

गुंड्या म्हणजे तिचं पाळलेलं कोकरू. मी घुंगरू ऐकलं नाही. माझ्या कानांतून ते सुटलं असेल हे मला पटत नाही, आणि लेकरू खोटं बोललं असंही लिहवत नाही. बसलिंगप्पा त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता. सही करताना त्याने खरं ते लिहावं. त्याने काहीही लिहिलं तरी पुढची व्यवस्था बदलणार नाही.

वकील म्हणतात, बापाला मृत्युपत्राने पालक नेमता येतो, आणि नेमला नाही तर आईने पाट लावला म्हणून सिद्धाप्पा कोर्टात जाईल. म्हणून शिवबाई सज्ञान होईपर्यंत मी म्हाळसाबाईला तिची पालक नेमतो. दुकान भाड्याने द्यावं, भाडं बसलिंगप्पाने वसूल करून म्हाळसाबाईच्याच हातात द्यावं. बाळासो सरळ माणूस आहे, मी चौकशी केली आहे. तरी दुकान गहाण टाकण्याचा हक्क त्याला नाही. मुलीचं लग्न चौदाच्या आत करू नये असा आता कायदाच आहे. मी सोळा म्हणतो, आणि तिला विचारून.

कलम ५. म्हाळसाबाईची माहेरची तांब्याची घागर मी सोडचिठ्ठीच्या वेळी अडवून धरली होती. ती अजून चुलीशेजारी आहे. शिवबाईबरोबर पाठवावी.

सोलापूर, तारीख ९ माहे फेब्रुवारी सन १९३४.

सही: ज्ञानबा येसू बंडगर

साक्षीदार १: ईरप्पा, घोंगडी विणणार. सही माझ्यादेखत झाली.

साक्षीदार २: बसलिंगप्पा, कापड दुकानदार, नवी पेठ. सही माझ्यादेखत झाली. चहाचं खरं आहे. चिंचेखाली मी ज्ञानबाच्या शेजारी बसलो होतो. घुंगरू वाजत होतं.