काल सकाळी दहाची यादी

घोडेगाव, शनिवार, १२ मार्च २००५

दूध संघाच्या मतदारयादीतून माझं नाव गायब. अध्यक्षाविरुद्ध उभी राहणार ना मी! कारकून म्हस्के म्हणतो, "बाई, तुमचं नाव कधी व्हतंच न्हाई." व्हतंच न्हाई?

संगणकात डेटाबेसची नवी आवृत्ती बसवायला आलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, यात आता यादी आधी कशी होती तेही दिसतं. काल सकाळी दहाची काढू?"

काढली. काल सकाळी दहाला मी होते, एकशे बाराव्या ओळीत.

"चुकून झालं आसंल, बाई."

चुकून!

कॉन्व्हेंट शाळेत खोटं पकडलं की सिस्टर वर्गासमोर उभं करून खरं मोठ्यानं वाचायला लावत. छापील यादी माझ्या पर्समध्ये आहे. उद्या संघाच्या भर सभेत म्हस्केच ती वाचेल, पहिल्या नावापासून माझ्या नावापर्यंत. अडखळला, तर पुन्हा पहिल्यापासून.