पदराआडचं मत

७ नोव्हेंबर २००५, सोमवार

मतदाराचं ओळखपत्र आज हातात आलं. सरकारी दर — फुकट! खरा हिशोब असा: तहसीलला तीन खेपा. पहिल्या खेपेला साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला वीज गेलेली. तिसऱ्या खेपेला मी तिकडं रांगेत, आणि इकडं दिवाळीचा झेंडू गाळ्यावर तापून काळा पडला. एवढं सोसून फोटो असा, की मैना म्हणाली, "हा कोण म्हातारा घरात आणला?"

बायको असून ओळखेना. साहेब काय ओळखणार!

९ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीचं मतदान वीस तारखेला. बूथवर आपल्या पॅनलचा एजंट मी, समोरच्याचा खंडेराव. आज चावडीपाशी तो गरजला — "कार्ड नसंल तर रेशनकार्ड दाखवा. कायतरी कागद दाखवा, नायतर घरी जा. एकेकाला हरकत घेईन!"

मी म्हणालो, "अरे, गावातल्या गावात ओळख कसली दाखवायची? फुलबाजारात पहाटेच्या अंधारात शंभर माणूस बोली ओरडतं. मान न वळवता सांगतो कोण बोललं ते. फुटपाथवर गजरे विकायचो तेव्हापासूनची माझी कमाई कोणती, तर हे दोन कान. माझ्यासमोरून बोगस माणूस जाऊन दाखवू दे!"

"तुमचे कान सरकारनं मंजूर केलेत का, दादा?"

सगळे हसले. मीही हसलो. बोलतो झकास गडी.

१२ नोव्हेंबर

सखुबाई आली होती. माझा चुलतभाऊ फकिरा, त्याची बायको. तो जाऊन दोन वर्षं झाली. नात्यानं मी थोरला दीर, म्हणून दारातच उभी, पदर हनुवटीपर्यंत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं तोंड मी धड पाहिलेलं नाही. बोलायचं मैनेशी, ऐकवायचं मला.

"जाऊबाई, दादांना इचारा. माझं कारड नाय. मत देऊ देत्याल का? ते होते तवा ते सांगतील त्या चित्रावर शिक्का मारायची. औंदा माझ्या मनानं मारायचाय."

"कुणाला मारणार?" — मी.

"ते कुणाला सांगायचं नसतं म्हणं." पदराआडून!

आपल्याच पॅनलला देईल असं मी धरून चाललो होतो. बरं झालं, तोंडावर आपटलो.

ती गेल्यावर मैनेला विचारलं — शाळेत कार्डाच्या फोटोचं शिबिर झालं तेव्हा ही कुठं होती?

"रांगेतच होती की. फोटोवाला म्हणला पदर मागं घ्या. अन् समोर बाकड्यावर तुम्ही सगळे थोरले चहा पीत बसलेले! बाई तोंड कशी उघडंल? आली तशी माघारी गेली."

ते शिबिर मीच भरवलं होतं. बाकडंही आमच्याच घरचं.

१३ नोव्हेंबर, रविवार

पोरगा रोहित घरी. अंबडला कंपनीत असतो, आता बोलणं शहरी. जेवताना म्हणाला, कार्ड पाहिजेच. "आमच्या कॉलनीत शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं कुणाला."

"ते तिकडं. इथं मी ओळखतो ना सगळ्यांना."

"म्हणजे काकूचं मत तुमच्या ओळखीवर. उद्या तुम्ही म्हणालात, नाही ओळखत — मग?"

"मी असं म्हणंन का?"

"तुम्ही नाही म्हणणार. खंडेराव म्हणेल."

मी भाकरी मोडत राहिलो.

पोरगं बरोबर बोललं, पण अर्धंच. कागद असला की कुणाची मर्जी धरावी लागत नाही, कबूल. पण तो कागद मिळायलाच किती जणांची मर्जी लागते! साहेबाची, विजेची, बाकड्यावर बसलेल्या थोरल्यांची. त्याचं काय? बिनकागदाची माणसं आधीच मागं उभी असतात. नियम निघाला की पहिलं दार त्यांच्याच तोंडावर लागतं.

१७ नोव्हेंबर

मैनेकरवी सखुबाईला निरोप धाडला — बिनघोर ये, मी बसलोय तिथं.

२० नोव्हेंबर, रविवार. मतदान.

दमलो, पण आजचं लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळपासून खंडेरावाची एकच टकळी — "कार्ड? कागद?" पुंजा माळकरी, सत्तरीचा, जन्म या गावात गेला, त्यालाही घरी पिटाळला रेशनकार्ड आणायला. बूथचे साहेब तरुण, शहरातले मास्तर, कपाळावर घाम.

तीनच्या सुमाराला सखुबाई आली. पदर पार खाली.

"ओळखपत्र?"

"नाय, साहेब."

"नाव?"

"सखुबाई."

"नवऱ्याचं नाव?"

मीच म्हणालो, "साहेब, आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. फकिरा लिहा. यादीत बघा, खालून तिसरं."

"पदर जरा मागं घ्या, बाई."

"थोरला दीर समोर बसलाय, ती कशी घेईल?"

साहेब कावले. शाई लावणारी बाई जेवायला गेलेली, नाहीतर बाजूला नेऊन तिनं तोंड पाहिलं असतं. "मग तुम्ही तरी तिला कशावरून ओळखता?"

"आवाजावरून! सही करून देतो हवी तर."

साहेबांनी खंडेरावाकडं पाहिलं. आता हा उसळणार, म्हणून मी बाह्या सावरल्या. पण माझ्या बोलण्याचं वजनच असं, की तोही नरमला! म्हणाला, "दादा म्हणतात तर असंल. आमची काय हरकत नाय."

दिली चिठ्ठी. मारला शिक्का. माझ्याकडं न बघता झपझप निघून गेली बिचारी.

पहिल्यांदा आपल्या मनानं दिलेलं मत! कुणाला का देईना. कागदापायी बुडत होतं, ते आज या कानांनी वाचवलं. रोहितला फोन करून सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाला.

२१ नोव्हेंबर

दुपारी सखुबाई दारात. हातात रेशनकार्ड. मैनेला म्हणाली, "दादांना सांगा, दुसऱ्याच्या ओळखीवर कशाला मत द्यायचं, म्हून लेकीकडून हे घेऊन आले. लगीन झालं म्हून तिनं आपलं नाव कमी करायला नेलं व्हतं. आता चालंल का? का झालं मतदान?"

शनिवारी लेकीच्या गावी, देवळ्याला गेली. रविवारी गाड्या निवडणुकीच्या कामाला लागलेल्या, परतायला एसटी मिळाली नाही. मतदानाच्या दिवशी सखुबाई गावात नव्हती.