बाळुत्यांची बॅग

४ जाने., बुऱ्हाणपूर
बॅग भरून झाली एकदाची! वर दिंकाचे लाडू, मधे ह्यांची धोतरं, तळाशी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची बाळुती. सुमीनं मस्कतहून एवढंच मागितलंय. "आई, बाळाचं पहिलं कापड घरचं जुनेरच हवं. नवं इथं ढीगभर मिळतं." पहिलटकरीण पोरगी माझी. तारीख जवळच आलीय.

ह्यांनी बॅगेवर निळ्या रंगानं आपल्या केळीच्या आडतीची छाप मारली. जसोंडीच्या मळ्यातून निघणाऱ्या मालावर मारतात तीच. म्हटलं, "अहो, विमान आहे ते, ट्रक नव्हे." ऐकतील तर शपथ.

६ जाने., इंदूर विमानतळ
हे धोतरातच. सुमीनं पँट घाला म्हणून किती विनवलं! काउंटरवर बॅगेला पट्टी लावली. तिच्यावर मुंबईचंच नाव. मी बोटानं दाखवलं.

"अगं, आपली केळी दिल्लीला जातात, ती काय मधे उतरवून पुन्हा भरतात? एकदा भरला माल की थेट पोचतो."

इतक्या ठसक्यात, की मी बोट मागे घेतलं. आता खिडकीची जागा मिळाली म्हणजे झालं...

७ जाने., मस्कत
ढग पायाखाली! अगं बाई बाई!

पण मुंबईला सगळे पट्ट्यापाशी बॅगांसाठी थांबले, आणि आम्ही ऐटीत पुढे. दुसऱ्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलंही, "सामान?" हे म्हणाले, "वो तो सीधा आ रहा है, बेटी." इथे पट्टा फिरून फिरून रिकामा. हातातल्या पिशवीतली मावा जलेबी तेवढी पोचली.

जावयांना हसू आवरेना. "आई, तिकिटं दोन वेगळी होती ना. मुंबईला बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायची होती. एकच तिकीट असतं तर पट्टी मस्कतची लागली असती."

सुमी हसली नाही. पोटावर हात ठेवून नुसतं म्हणाली, "आणि बाळुती?" जीव तुटला माझा.

९ जाने.
बॅग सापडली! ठाण्याच्या भाच्यानं जाऊन ताब्यात घेतली. छाप लांबूनच ओळखली म्हणे. झालं, ह्यांची मान ताठ. सुट्टीवर मुंबईला गेलेला जावयांचा मित्र पुढच्या आठवड्यात घेऊन येईल. कळा थोड्याच थांबतात मित्रासाठी!

११ जाने.
मुलगी!! सुमी सुखरूप. मी नर्सला मिठीच मारली.

घरी आलो, हे आतल्या खोलीत गेले, बाहेर आले ते जावयांच्या अर्ध्या चड्डीत. जन्मात पहिल्यांदा! हातात ते एकुलतं धोतर. रोज तेच धुऊन नेसत होते बिचारे. सकाळीच वाळलेलं.

"फाड. सोच मत. लुगड्यापेक्षा मऊ आहे."

फाडलं. हसू आणि रडू एकदमच.

१३ जाने.
सुमी घरी आली. पोर आजोबांच्या मांडीवर, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. हे तिच्या कानाशी सांगत होते, "बघ, आपला माल. थेट आला. मधे कुठं उतरला नाही." सुमी इतकी हसली, की "बाबा, पुरे, दुखतंय" म्हणाली.

मित्राचा फोन आला, सुट्टी वाढवलीय. बॅग कधी येते देव जाणे. ह्यांना काही फिकीर आहे का? आत्ताच अर्ध्या चड्डीत खाली भाजी आणायला गेलेत. जाताना मलाच विचारलं, "कशी दिसते गं?"