पुढचा गेम निवडण्याआधी

प्रिय अहो,

एकाच घरात राहून नवऱ्याला पत्र लिहितेय म्हणजे मला वेड लागलंय असं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. तोंडावर बोलायला गेले की तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून हे तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो उतरवून झाले की चहा पिता पिता वाचा. आदेशच्या दुकानात मात्र त्याआधी जाऊ नका. आज कॉम्प्युटरचा नवा गेम आणायचा तुमचा बेत आहे, मला माहीत आहे.

गेम निवडायची तुमची तऱ्हा म्हणजे एक नमुनाच आहे बाई! मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. स्वयंपाक येतो का एवढंच विचारलं, ते पण तुमच्या मामांनी. गेमला मात्र हजार अटी. पळापळ नको, गोळीबार नको. खून तरी पाहिजे नाहीतर गायब झालेलं माणूस तरी, आणि दोघांनी शेजारी बसून डोकं लावता आलं पाहिजे. घड्याळ लावून घाई करणारा नको. पात्रं बोलतील ते सगळं खाली लिहून आलंच पाहिजे. आदेश एकदा मला म्हणाला, वहिनी, ह्यांच्यापरीस अवघड गिऱ्हाईक न्हाई बघितलं राव. तेव्हा मी नुसती हसले होते.

पण संध्याकाळी काय मजा यायची! समुद्रातल्या दीपगृहातला तो म्हातारा कुणी मारला, ह्यावर आपण जेवताना भांडायचो. ते बर्फात अडकलेलं हॉटेल आठवतंय? आपलं इंग्रजी कच्चं आहे असं सांगून तुम्ही वाचायचं काम माझ्यावर टाकायचात. मी मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचे आणि आई लसूण सोलता सोलता निकाल द्यायच्या, त्या कोटवाल्या मेल्यानंच केलंय. प्रत्येक गेममध्ये त्यांना कुणीतरी कोटवाला सापडायचाच. लग्नाच्या पहिल्या दोन वर्षांत आपण जेवढं बोललो नव्हतो तेवढं ह्या एका हिवाळ्यात बोललो.

आता सुरुवात कुठून झाली ते लिहिते. दिवाळीनंतर मी उसाच्या कडेला घास कापत होते. उसात बिबट्या शिरला म्हणून तुम्ही बांधावरून ओरडत होतात, शेजारचे डबे बडवत होते आणि मी आपली खाली मान घालून कापतच होते. तुम्ही पाट ओलांडून धावत आलात, दंडाला धरून मला ओढत घरात आणलंत. मीच उलट चिडले. कानात हेडफोन घालून गाणी ऐकत होते म्हणून ठोकून दिलं. तुम्ही माझ्या मोकळ्या कानांकडे बघितलंत आणि फक्त बरं म्हणालात. दुसऱ्या दिवशी कॉलेजातला जुना लॅपटॉप माळ्यावरून काढलात, टीव्हीला जोडलात आणि म्हणालात, अंधार पडल्यावर नायतरी बाहेर जायचं नाय, गेम खेळू.

मला ऐकू येत नाही असं मी कधीच म्हटलं नाही. म्हणणार कसं? माझी अंबाआत्या तुम्ही बघितली नाहीत. ऐन तिशीत तिचे कान गेले. सासरची म्हणाली, हाका मारून घसा बसतो, आणि नवऱ्यानं तिला आंबेगावला आमच्या दारात आणून सोडली, ती कायमची. ती भाकरी थापताना गावातली पोरं तिच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवायची. तिला पत्ता नसायचा. मी तेव्हा लहान होते, मला हसू यायचं. मग सगळे सांगायला लागले, अक्षदा हुबेहूब आत्यावर गेलीय. तुमचं बोलणं पुसट व्हायला लागलं तेव्हा मला आधी आमचं ते दार आठवलं. म्हणून मी कळल्यासारखं हसत राहिले. आईंचा आवाज मोठा, त्यांचं सगळं कळायचं. तुमचाच आवाज हळू. ज्याचं ऐकायची हौस त्याचंच कळेना.

गेममध्ये पात्रांचे ओठ हलायचे, पडद्यावर पाऊस पडायचा आणि मला काहीच ऐकू यायचं नाही. वाटायचं, चाललं, आता सगळंच चाललं. तुम्हाला संशय नको म्हणून मी मध्येच तुमच्या कानाशी वाकून म्हणायचे, काय मस्त म्यूझिक आहे ना! तुम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणायचात, लई भारी.

परवा तुम्ही मोटार बघायला विहिरीवर गेलात. आई आणि मी दोघीच होतो, गेम तसाच चालू होता. सवयीनं मी आईंपुढंही म्यूझिकचं कौतुक केलं. आई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, कसलं म्युजिक गं? सुदर्शननं पहिल्या दिसापास्नं ह्याचा आवाज बंद ठिवलाय, मला वाटलं बिघडलंय. मी लॅपटॉप बघितला. स्पीकरच्या चिन्हावर फुली होती. मी आवाज पूर्ण वाढवला. पाऊस आला, अहो! धो धो नाही, पण कुठंतरी लांब पडत असल्यासारखा आला. मी तो पुन्हा बंद केला आणि मोरीत जाऊन पोटभर रडले.

अख्खा हिवाळा तुम्ही आवाज बंद ठेवून खेळलात. मला जेवढं कळेल तेवढंच आपल्याला कळावं म्हणून. तो पियानोवाला गेम तुम्हाला किती दिवसांपासून हवा होता! सूर ऐकून तिजोरी उघडायची वेळ आली तशी बोअर आहे म्हणून बंद करून टाकलात. डिप्लोमा झालेल्या माणसाचं इंग्रजी कच्चं कसं असेल, हेसुद्धा मला सुचू नये? मी कसली डोंबलाची डिटेक्टिव्ह! आणि मिशी. गावात लोक कौतुक करायचे त्या मिशीचं. खाजते म्हणून सफाचट केलीत, मित्रांनी टिंगल केली, मीही केली. माझ्याशी बोलताना तुम्ही समोर येऊन उभं राहता, तोंड उजेडाकडे करता, आणि तेव्हापासून तुमचे ओठ मला स्पष्ट दिसतात. हे सगळं परवा एकदम डोक्यात आलं आणि मी चुलीपुढं नुसती बसून राहिले. दूध उतू गेलं. किती गप्प राहावं माणसानं! माझा खोटेपणा उघडा पडू नये म्हणून एवढी उठाठेव? तुमच्याकडे बघताना आता मला भीतीच वाटते, चांगल्या अर्थानं. देवळात गेल्यावर वाटते तशी. असा माणूस माझ्या वाट्याला आला, ह्याच्यावर विश्वासच बसत नाही.

आता पत्राचं कारण. नवा गेम गुरुवारनंतर दोघं मिळून निवडू. गुरुवारी पुण्यात कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मशीन लागेल, ऑपरेशन होईल की काहीच होणार नाही, मला ठाऊक नाही. आत्याला कुणी कधी नेलंच नव्हतं. मी माहेरी जाते म्हणून सांगून एकटीच जाणार होते. पण डॉक्टर पहिलं विचारतील, कमी ऐकू यायला लागलं ते कधीपासून. मला नाही सांगता येणार, मी ते माझ्यापासूनच लपवत आले. तुम्हाला मात्र पहिला दिवससुद्धा आठवत असेल. चला माझ्याबरोबर, त्यांना तुम्हीच सांगा.

तुमचीच,
अक्षदा